एका बाजूची भिंत

ताईचा फोन आला तेव्हा मी नेरच्या बसस्थानकावर होतो. गाडी फलाटाला लागलेली, अर्धे प्रवासी चढलेले, मी तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवत होतो. ताई अगदी हळू बोलली, कोणाची झोप मोडू नये तशी. "तुहे भाऊजी उठून नाही राह्यले." कुठे आहेत, असं विचारलं तर म्हणाली, नाल्यावरच्या मोरीत. मी गाडी दुसऱ्या कंडक्टरच्या हवाली केली आणि मिळाली त्या जीपने निघालो. तिने सगळं सांगूनच टाकलं होतं, ते मला कळलंही होतं, तरी मी वाटभर जीपवाल्याला जोरात घे, जोरात घे म्हणत राहिलो...

भास्कर भाऊजी मिस्त्री होते, पण घरं बांधणारे नव्हेत. रस्त्याखालून पाणी जावं म्हणून नाल्यात सिमेंटचे पाइप टाकून मोरी करतात आणि त्या पाइपांच्या दोन्ही तोंडांशी दगडाची भिंत बांधतात, रस्त्याचा मुरूम वाहून जाऊ नये म्हणून. तिला आमच्याकडे ठेकेदारापासून मजुरापर्यंत सगळे हेडवॉल म्हणतात. भाऊजींची उमर त्या भिंती बांधण्यात गेली. लग्नानंतर कित्येक वर्षं ताई आणि ते कामावरच राहिले, कधी दारव्ह्याच्या रस्त्याला, कधी पांढरकवड्याकडच्या जंगलात, ताडपत्रीच्या खोपीत. ती सिमेंट-रेतीचा माल कालवायची, ते दगड बसवायचे. दगड घडवताना ते भीमगीतं म्हणत. गळ्यात सूर नव्हता. ताई म्हणायची, आणखी थोडं म्हणाल तर दगड उठून पळतील. मग ते मुद्दाम वरच्या पट्टीत लावत. मी एसटीत लागल्यावर ते कधी माझ्या गाडीने निघाले की खिडकी धरून बसायचे आणि ओळखीची मोरी आली की माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवायचे. तेवढाच त्यांचा गर्व.

आमच्या गावाचा रस्ता मंजूर झाला तेव्हा नाल्यावरच्या मोरीचं काम त्यांच्याकडे आलं. आपल्या गावची मोरी म्हणून खुशीत होते. पायवा खोदताना खाली काळी मातीच लागत राहिली. पाणी प्याली की फुगणारी, उन्हात फाटणारी माती... तिच्यावर भिंत टिकत नाही. कडक मुरूम लागेपर्यंत खोल जाऊ, असं त्यांनी ठेकेदाराला सांगितलं. पावसाळा तोंडावर होता. ठेकेदार म्हणाला, एवढं कोण बघतं, लाव दगड. भाऊजींनी लावले.

पुढचे दोन पावसाळे भिंत उभी राहिली. तिसऱ्या वर्षी पोळ्याच्या आसपास झड लागली, नाला रस्त्यावरून गेला, आणि पाण्याखाली दोन्हीकडच्या भिंती बसल्या. मागचा मुरूम वाहून गेला. वरून दिसायला नुसतं घोट्याएवढं पाणी. आमच्या गावचा गजानन पहाटे मोटरसायकलला दुधाच्या कॅना बांधून नेरला जायचा. त्याला रस्ता आहे असंच वाटलं असणार. तो सापडला तो बराच खाली, बाभळीच्या झुडपात.

ठेकेदाराचं कोणी नाव घेतलं नाही. पाण्यापुढे कोणाचं चालतं, असं गावाने म्हटलं आणि विषय मिटवला. भाऊजींच्या मनातून मात्र तो गेला नाही. गजाननची आई अंजनाबाई, तिच्या दारात ते एके दिवशी जाऊन उभे राहिले. ताई सोबत होती, तिनेच मला हे सांगितलं. भाऊजी म्हणाले, भिंत माझ्या हातची होती, खाली माती आहे हे मला ठाऊक होतं. म्हातारीने विचारलं, "मंग तवाच काहून नाही बोल्ला?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

त्यानंतर ते आमचे भाऊजी राहिले नाहीत. नवीन काम घेणं बंद केलं. सायकल काढून जुन्या मोऱ्या बघत हिंडायचे, नाल्यात उतरून भिंतींच्या बुडाशी पहारीने उकरून पाहायचे, खाली काय आहे ते. गाणं तर गेलंच, घरातलं बोलणंही गेलं. ताई ताट वाढून समोर बसायची आणि ताट तसंच उचलायची. मी समजावायला गेलो. म्हटलं, तुम्ही बोललात ना ठेकेदाराला, मग तुमचा काय दोष? त्यावर ते म्हणाले, "बोल्लो ना. एकदा बोल्लो. दोनदा बोलाचं होतं."

मोरी पुन्हा बांधा म्हणून ते कचेरीत जात राहिले. पुढच्या मंजुरीत घेऊ, हे उत्तर इतक्या वेळा ऐकलं की शेवटी शेवटी ते दारातूनच परतायचे. नाला आटला तसे ते स्वतःच खाली उतरले. पडलेल्या भिंतीचे दगड वेचले, साफ केले, आणि या वेळी कडक मुरूम लागेपर्यंत खोदलं. ताई पुन्हा माल कालवायला गेली. लोक रस्त्यावरून जाताना थांबायचे, वेडा झाला म्हणायचे, जायचे. कोणी खाली उतरलं नाही.

मी शेवटचा भेटलो तो तिथेच. एका बाजूची भिंत उभी झाली होती, सरळ, अंगापिंडाने भरलेली. सांधे पक्के व्हावेत म्हणून ते सकाळ-दुपार तिच्यावर पाणी मारत. ऊन असं की दगडाला हात लावू शकत नव्हतो. ते पार वाळले होते, डोळे आत गेलेले. मी म्हटलं, भाऊजी, हे ऊन उतरू द्या, मग करा. त्यांनी दुसऱ्या, उघड्या बाजूकडे हात केला. "त्या अंगाचं राह्यलं ना रे," म्हणाले. एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

फोन आला त्या दुपारी ताई भाकर घेऊन गेली तेव्हा ते पाइपाच्या आत, सावलीत, पाठ टेकून बसलेले होते. तिला वाटलं, डोळा लागला. तिने भाकर सोडली, कांदा फोडला, हाक मारली. मग अंगाला हात लावला...

पुण्यानुमोदनाला सारं गाव आलं. अंजनाबाईही आली. मांडवाच्या कडेला बसली, जेवली नाही, ताईशी बोलली नाही, उठून गेली. तिने माफ केलं की नाही, मला माहीत नाही. भाऊजींना ते कळायचं होतं आणि ते न कळताच गेले.

दुसरी बाजू अजून उघडीच आहे. ग्रामपंचायतीने कडेला दोन रिकामे ड्रम उभे केले आहेत. परवा ड्युटी नव्हती म्हणून गावी गेलो. झड लागलेली. घरात ताई नव्हती. शेजारणीने मोरीकडे बोट केलं. जाऊन बघतो तर ताई पावसात भिजत रस्त्याच्या कडेला ओणवी उभी, हातात बादली, आणि नव्या भिंतीवर पाणी मारते आहे. वरून पाऊस, खाली नाला वाहतो आहे, आणि ही दगडांच्या सांध्यांवर ओंजळीने पाणी मारते आहे. मी बादली धरली. म्हटलं, ताई, भिंत कवाचीच पक्की झाली, आता पाणी कायले?

तिने बादली माझ्या हातातून सोडवून घेतली.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "त्यायनं सकाळचं मारलं होतं. दुपारचं राह्यलं होतं."