चमकतो तो ग्रॅनाइट

भूगोलाच्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत, लोक घरपोच आणून देतात! खालापूरजवळच्या शाळेत मी दगडांचे प्रकार शिकवते. गेल्या वर्षी माझं डोकं फिरवलं तेही दगडांनीच. चुकले, माणसांनी.

*

सुरुवात शाळेच्या पायऱ्यांपासून. आपल्याच डोंगराच्या काळ्या दगडाच्या, छिन्नीनं घडवलेल्या. तिसऱ्या पायरीवर कुठल्याशा जुन्या बॅचनं नवकंकरीच्या खेळाचा पट कोरलेला. मधल्या सुट्टीत त्या जागेसाठी पोरांच्या मारामाऱ्या!

संस्थेचे अध्यक्ष आले, पायऱ्या बघून म्हणाले, "काय हे मागासलेलं! ग्रॅनाइट टाकू."

मी म्हटलं, "साहेब, पावसात पोरं घसरतील."

"मॅडम, ग्रॅनाइट म्हणजे ग्रॅनाइट!"

मी तिथंच ठरवलं, या पायऱ्या जाऊ द्यायच्या नाहीत.

*

म्हणून नववीला दोन्ही दगड रीतसर शिकवले. दोन्ही अग्निजन्यच. लाव्हा जमिनीवर येऊन पटकन थंड झाला की बेसाल्ट. कण बारीक, रंग काळा, आपला अख्खा सह्याद्री त्याचाच. शिलारस जमिनीखालीच अडकून सावकाश थंड झाला की ग्रॅनाइट. स्फटिक मोठे, रंग फिका.

चाचणीत विचारलं, 'ग्रॅनाइट कोठे तयार होतो?'

एकानं लिहिलं, 'खोपोलीला, टाइल्सच्या दुकानामागे. कटिंगपण करून देतात.'

*

स्टाफरूममध्ये मी टेबलावर हात आपटून पायऱ्यांची बाजू मांडत होते. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, जरा थंड व्हा."

"सर, मी ग्रॅनाइट आहे. वेळ लागेल!"

*

मग त्या दुकानातच गेले. 'ब्लॅक ग्रॅनाइट' भिंगातून बघितला आणि तिडीकच गेली. "अहो, हा ग्रॅनाइट नाहीच! आमच्या पायऱ्यांच्या दगडाचा हा चुलतभाऊ. जमिनीखाली थंड झाला, एवढाच फरक."

दुकानदार शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं सोपं हाय. चमकतो तो ग्रॅनाइट. नाय चमकत तो दगड."

हे वर्गीकरण अध्यक्षांना ऐकवलं. म्हटलं, "काळा दगड काढून काळाच बसवताय, वर पोरांचे पाय मोडायची सोय!"

ते म्हणाले, "बघा, दुकानदारालाही कळतं!"

*

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेत आले, तर पायऱ्या गायब! जागेवर आरशासारखा ग्रॅनाइट आणि शेजारी बोर्ड: 'पायऱ्या ओल्या असताना मागच्या दाराने यावे.'

सातवीतली एक मुलगी तिथंच उभी होती. "बाई, आमचा पट कुटं गेला?"

मी ऑफिसात विचारलं. उत्तर मिळालं, "भरावात टाकला." मुलीला काय सांगणार? मला रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

*

दिवाळीनंतर अध्यक्षांनी सगळ्या स्टाफला कर्जतच्या त्यांच्या नव्या फार्महाउसवर जेवायला बोलावलं. ते स्वतः व्हरांड्यात स्वागताला उभे. व्हरांड्याला काळ्या दगडाच्या पायऱ्या, तेल लावून पुसलेल्या. तिसरीवर नवकंकरीचा पट.

"बघा मॅडम, तुमच्या आवडीचा!" अध्यक्ष वरूनच म्हणाले. "ओरिजिनल बेसाल्ट! हल्ली असलं काम मिळत नाही."

मी पहिल्या पायरीवर पाय टाकला, तर अध्यक्ष केवढ्यानं ओरडले!

"अहो मॅडम, चपला खालीच काढा! दगड खराब होतो."