दहा मिनिटांत उघडणारा पलंग

मिस्त्रीचा एक हट्ट होता: त्याच्या हातचं कुठलंही सामान दहा मिनिटांत उघडलं पाहिजे. कपाट असो, टेबल असो, सरस नाही की खिळा नाही, सगळं नट-बोल्टवर. गावात बदलीवर येणारी माणसं फार आणि भाड्याच्या घरांचे जिने अरुंद. "सामान माणसाबरोबर गेलं पाहिजे," हे तो गिऱ्हाइकाला अशा थाटात ऐकवायचा, की जणू कायद्याचं कलमच वाचतोय. बायको म्हणायची, "आमचं लग्नसुद्धा हे बोल्टवरच करणार होते. मी वेळीच पाना लपवला."

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या घरी एक सहा वर्षांची मुलगी राहायला आली. ज्यांना घर नाही अशा मुलांना एक संस्था कायमचं घर मिळेपर्यंत कुटुंबांकडे सांभाळायला देत असे. या मुलीचं हे चौथं घर. मिस्त्रीनं आठवडाभर खपून तिच्यासाठी सागाचा पलंग केला, अर्थात बोल्टवर. शाळा सुटली की ती खालच्या दुकानात येऊन बसायची, भुशात सांडलेले बोल्ट वेचून मापाप्रमाणे डब्यांत लावायची आणि चुकीच्या डब्यात हात घालणाऱ्या मिस्त्रीकडे नुसती बघायची. तो तिला फोरमनबाई म्हणू लागला.

पण घरात ही फोरमनबाई गरीब गाय होती. भाजी कुठली करू? कुठलीही चालेल. फ्रॉक हिरवा की निळा? कुठलाही चालेल. बूट चावतोय का गं? चालेल. इतकं शहाणं पोर पाहून शेजारणी कौतुक करायच्या. मिस्त्रीच्या बायकोला मात्र त्या शहाणपणानं रडू यायचं.

दोघांनी तिला दत्तक घ्यायचं ठरवलं आणि तसं तिला समोर बसवून सांगितलं. ती म्हणाली, "चालेल." तिसऱ्या घरानंही तिला असंच कायमचं म्हणून सांगितलं होतं आणि पाच महिन्यांत परत पाठवलं होतं. संस्थेच्या ताईंनी मिस्त्रीला बाजूला घेऊन बजावलं, "कोर्टात न्यायाधीश तिलाच विचारणार. तिनं मनापासून हो म्हणायला हवं. नुसतं चालेल म्हणाली, तर सही होणार नाही." तेव्हापासून मिस्त्रीची मापं चुकायला लागली.

बुधवारी ताईंचा फोन आला. बायकोनं स्वयंपाकघरातूनच आनंदानं ओरडून सांगितलं, "तारीख लागली! शुक्रवारी!"

संध्याकाळी मिस्त्री दुकान बंद करून वर आला, तर मुलीच्या खोलीत पलंग नव्हता. फळ्या भिंतीला टेकवून सुतळीनं बांधलेल्या, बोल्ट एका मोज्यात भरलेले, आणि गुंडाळलेल्या गादीवर पोरगी पायात बूट घालून बसलेली.

"मी उघडून ठेवला," ती म्हणाली. "तुम्हाला त्रास नको. काका, पाना नेला तर चालेल? तिथे नसला तर?"

"तिथे म्हणजे कुठे?"

"तारीख लागली ना."

आधीच्या तिन्ही घरांत तारीख म्हणजे निघायचा दिवस, हे मिस्त्रीच्या आता लक्षात आलं. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. शुक्रवारची तारीख इथेच राहायची आहे, हे त्यानं तीन वेळा सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि फळ्यांकडे बोट दाखवलं.

"मग हा उघडायचा कशाला केलात?"

बदल्या, भाडेकरू, अरुंद जिने, सगळं त्याच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. आपण या पोरीला तीन वर्षं रोज परतीच्या सामानावर झोपवलं, हे कळून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"चुकलो," तो म्हणाला.

खाली जाऊन तो लाकडी खुंट्या, हातोडी आणि सरसाचा डबा घेऊन आला. डबा त्यानं शेजारच्या रंगाऱ्याकडून मागून आणला होता. याच्या दुकानात सरस कुठला?

"हे लावलं की पलंग पुन्हा उघडत नाही. दारातूनही निघणार नाही. लावू?"

मुलगी उठली. तिनं खुंटी हातात घेऊन पाहिली, डब्याचा वास घेतला. मिस्त्री हातोडी धरून उभा. बायको दारात पदर तोंडाला लावून.

"इथे नको," मुलगी म्हणाली. "मला खिडकीखाली हवा. इथे सकाळी ऊन डोळ्यांवर येतं."

"तीन वर्षं येतंय?"

"रोज येतं."

मग फळ्या खिडकीखाली नेल्या. ती म्हणाली, अजून पुढे. मग म्हणाली, थोडा मागे. मिस्त्रीची कंबर धरली, पण त्यानं हूं की चूं केलं नाही. सरस वाळायला पूर्ण एक दिवस लागणार होता, त्यामुळे त्या रात्री ती दोघांच्या मध्ये झोपली.

शुक्रवारी न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून विचारलं, "बाळ, यांच्याकडे कायमचं राहायचंय का तुला?"

"काका फार घोरतात," मुलगी म्हणाली. "भाजीत मीठ कमी असतं. आणि माझे बूट चावतात."

मिस्त्रीनं डोळे मिटले. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग राहायचं नाही?"

"राहायचंय की," मुलगी चिडून म्हणाली. "म्हणून तर सांगतेय!"