पाचवा गेम

"याच्या वडिलांनी पुण्यात माझे टॉवेल सांभाळले. आता हा आपला देश सांभाळायला निघालाय."

डॉक्टर काका हे इंग्रजीत बोलले. हातात माइक. स्क्वॉशच्या काचेच्या कोर्टासमोर क्लबचे मेंबर, त्यांच्या बायका, मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावातली चार-पाच मराठी कुटुंबं. सगळे हसले. मग टाळ्या. मी वर्दीत उभा होतो, कारण क्लबच्या समितीने वर्दी घालूनच ये म्हणून सांगितलं होतं. मीही हसलो. जोरात हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

दोन हजार तीनची गोष्ट. मी त्या क्लबात स्क्वॉशचा कोच होतो आणि स्पर्धाही खेळायचो, लहान बक्षिसांच्या, पण व्यावसायिक. शिवाय आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या राखीव सैन्यात होतो. ग्रीन कार्ड होतं, भरती झालं की नागरिकत्व लवकर मिळेल असं सांगितलं गेलं. तेवढंच कारण नव्हतं. आजोबा फौजेत हवालदार होते. आमच्या वस्तीत भिंतीवर वर्दीतला फोटो असलेल्या घराशी लोक जरा नीट बोलायचे.

वडील मात्र मार्कर होते. मार्कर म्हणजे क्लबचा पगारी खेळाडू. साहेबांशी खेळायचं, त्यांना शिकवायचं, पॉइंट मोजायचे, कोर्ट पुसायचं. आणि पाचवा गेम साहेबाला द्यायचा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. दोन-दोन गेमची बरोबरी करायची आणि शेवटचा द्यायचा, पण असा की साहेबाला वाटलं पाहिजे, आपण जिंकलो. बाबांना त्या कसबाचा अभिमान होता. मला शिकवताना म्हणायचे, जिंकणं कुणालाही येतं, कळू न देता हरायला डोकं लागतं. मी ते डोकं मन लावून कमावलं. मला वाटायचं, साहेब मूर्ख बनतोय. आपण त्याच्याहून वरचढ आहोत.

डॉक्टर काका मेडिकलला असताना बाबांशी खेळायचे. त्यांच्याच ओळखीने मी अमेरिकेत आलो. दर बुधवारी मी त्यांना पाचवा गेम द्यायचो.

आता जे कुणाला बोललो नाही ते. स्पर्धांत मी हरायचो, आणि बहुतेक वेळा पाचव्या गेममध्ये. दोन-दोन झालं की मनगट सैल पडायचं. समोर साहेब नसायचा, पोटासाठी खेळणारा माझ्यासारखाच कुणीतरी असायचा. तरी हात आपोआप द्यायला लागायचा. मला हे कळत होतं. पण लोकांना मी ड्रिलचं कारण सांगायचो. महिन्यातला एक वीकेंड रिझर्व्हचा, उन्हाळ्यात दोन आठवडे, स्पर्धाही नेमक्या वीकेंडलाच. पाय थकलेले असतात हो, प्रॅक्टिस बुडते, असं म्हणायचो. लोक माना डोलवायचे, वर्दीचा मान म्हणून. माझ्या युनिटमधली सार्जंट डेट्रॉइटची, तोंडाने फटकळ. तिने एक-दोनदा ड्रिल बदलून दिलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "तुला रॅकेट बोलावत नाही, मी बोलावते." मी तिच्यावरही खापर फोडलं. ती बिचारी नियमाने वागत होती.

मग बोलावणं आलं. इराक. किमान वर्षभर. क्लबने निरोपाचा सामना ठेवला, मी विरुद्ध समितीचे अध्यक्ष, म्हणजे डॉक्टर काका. परत आल्यावर मुख्य कोचची जागा आणि स्पर्धांचा खर्च, हे दोन्ही समितीच्या हातात होतं. समिती काकांच्या हातात होती. काय करायचं ते मला सांगायची गरज नव्हती.

टॉवेलचं ते भाषण झाल्यावर वर्दी बदलून कोर्टात उतरलो. दोन गेम मी घेतले, दोन दिले. मधल्या विश्रांतीत काका घाम पुसत जवळ आले. मराठीत बोलले, म्हणजे गोऱ्यांना कळू नये.

"चल, आता पाचवा. जरा रंगव हां. तुझा बाप फार सफाईने हरायचा."

मी पाण्याची बाटली खाली ठेवली. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, सगळ्यांनाच माहीत होतं यार. आम्ही पोरं पैज लावायचो, आज म्हातारा चेंडू जाळीत... छे, भिंतीखालच्या पत्र्यावर मुद्दाम कसा मारतोय म्हणून." ते मनापासून हसले. वर पाठ थोपटली. "तुमच्या लोकांच्या रक्तातच आहे ती अदब. फौजेतही कामाला येईल."

म्हातारा. बाबा तेव्हा चाळिशीचेही नसतील.

पाचवा गेम मी दिला नाही. एकही पॉइंट दिला नाही. मनगट सैल पडू पाहत होतं, मी दात आवळून खेळलो. काका भिंतीला टेकून धापा टाकत होते. टाळ्या वाजल्या नाहीत. एक काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, काय गं हा, मोठ्या माणसाचा मान तरी ठेवायचा.

त्या रात्री बाबांचा फोन आला. साहेबांना गेम दिलास ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. बाबा खूश झाले. मी इराकमध्ये असतानाच ते गेले.

परत आलो तर माझ्या जागी दुसरा कोच. समितीने मला टॉवेलच्या काउंटरवर बसायला सांगितलं, सध्यापुरतं. काका म्हणाले, ॲडजस्ट कर. मी उभ्यानेच सांगितलं, "सैन्यातून आलेल्याची जागा ठेवावी लागते, असा कायदा आहे. ती जागा माझी आहे. सोमवारी येतो." सोमवारी गेलो. जागा मिळाली. मराठी घरांतली आमंत्रणं बंद झाली. स्पर्धांचं वय तोवर निघून गेलं होतं. आणि ते काही सैन्याने खाल्लं नव्हतं. ते मी माझ्या हाताने देऊन टाकलं होतं, एकेक पाचवा गेम करून.

काका अजून गणपतीत भेटतात. थकलेत. हात पुढे करतात. मी माझा हात पुढे करत नाही. लोक म्हणतात, झालं ते झालं, वयाकडे बघ त्यांच्या. आजवर मी मान खाली घालून बाजूला व्हायचो, कारण सांगायचं तर बाबांचं हसं झालेलं सांगावं लागतं. आता सांगणार, या गणपतीत. आरती झाली की सगळ्यांसमोर, मराठीत, काका समोर बसलेले असताना. माझ्या बापावर कुणी पैजा लावल्या ते, काकांचं नाव घेऊन.