नवरदेवाचं कोमट पाणी

आमच्या कुडव्यातला घोडेवाला माणसांना अरेतुरे करतो आणि आपल्या खच्ची केलेल्या पांढऱ्या घोड्याला मात्र अहोजाहो. माझ्या लग्नाच्या सकाळी, भर थंडीत, तो घोडा घेऊन दारात आला. घोडा सारखा पाय फाकवत होता, पण मुतत नव्हता.

मामा ओरडले, "वरात काऊन अडवून राहिला बे?"

घोड्याच्या मानेवर हात ठेवून घोडेवाला म्हणाला, "यायले त्रास होऊन राहिला. कोमट पाणी आन."

चुलीवर पितळी गंजात माझी हळद उतरवायचं पाणी तापत होतं. त्यानं त्यात कोपर बुडवून पाहिलं आणि अख्खा गंजच उचलला. "नवरदेवाले थंडं चालते."

मावशीनं साबण पुढे केला. "साबण कायले? आग होते!" मग त्यानं स्वतःची नखं कापलेली आहेत का ते पाहिलं, घोड्याच्या कडेला खांदा टेकवून उभा राहिला आणि लघवीच्या अंगावरची कातडीची पिशवी मऊ फडक्यानं आतून धुऊ लागला. "झालं हं मालक, झालं." शेवटी मळाचा वालाएवढा खडा निघाला, तो त्यानं साऱ्या वऱ्हाडाला फिरून दाखवला. तेवढ्यात घोड्यानं अशी धार सोडली की बँडवाल्यांनी न सांगता वाजवायलाच सुरुवात केली!

वरातीत घोडा नाचत होता, मी वर बसून कुडकुडत होतो.

"आता बरं वाटून राहिलं ना तुमाले?" त्यानं इतक्या मायेनं विचारलं की मला भरून आलं.

"हो," मी म्हणालो.

त्यानं वर पाहिलं. "तुले कोनं इचारलं बे?"