सुनेचा पाय आणि खंडेनवमीचं पाणी

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे साठीची. गुडघे शाबूत होते आणि आपल्याला सगळं कळतं हा आजार अगदी भरात होता. आता नातीसमोर तेव्हाच्या त्या साठीच्या बाईची नक्कल करते तेव्हा ती खदखदून हसते. माझे मात्र कान अजून तापतात.

पुण्याजवळ नांदे गावात आमच्या दारात एक जुनी ऑटोमॅटिक गाडी होती. क्लच नाही, गिअर आपले आपण पडतात. मुलानं ती बायकोसाठी घेतलेली. सून मराठवाड्यातली, नोकरी हिंजवडीला. गाडी ती लग्नानंतर शिकली. सुरुवातीला स्टिअरिंग असं घट्ट धरायची, जणू कुणी पळवून नेणार आहे. मग सरावली. एकटी कामावर जाऊ लागली, संध्याकाळी मला भजनाला सोडू-आणू लागली.

दसरा झाला आणि गाडी हिसके द्यायला लागली. गिअर पडायचाच नाही, इंजिन नुसतं बोंबलायचं, मग धाडकन उडी. एकदा देवळासमोर असा हिसका बसला की माझ्या हातातला प्रसादाचा शिरा समोरच्या काचेवर. मी उतरले ती थेट भजनाच्या बायकांच्या घोळक्यात शिरले आणि सुनेकडे बोट केलं.

"अगं, पाय हाय का मुसळ? कांडाय बसलीया जणू!"

बायका हसल्या आणि मला चेव चढला. रोज नवी नक्कल.

"आई, मी पाय हलवतसुद्धा नाहीये," सून म्हणायची.

"मग काय गाडीला उचकी लागलीया व्हय?"

शेवटी मी किल्ली काढून घेतली आणि कमरेला खोचली. सून रिक्षा बदलत कामाला जाऊ लागली. डंपरांची धूळ खाऊन घरी यायची, तोंड धुवायची, भाकऱ्या थापायला बसायची. मला वाईट वाटलं? छे! गाडी वाचवल्याचं समाधान.

एका रविवारी ती म्हणाली, "आई, किल्ली द्या. गाडी जागची हलणार नाही. फक्त तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसा."

मी ऐटीत बसले. ऑफिसातल्या मैत्रिणीकडून तिनं काडेपेटीएवढं यंत्र आणि एक मीटर आणला होता, दोन्ही वापरायचं शिकूनही आली होती. यंत्र स्टिअरिंगखाली खोचलं आणि मोबाइलवर आकडे दिसू लागले. मग तिनं समजावलं. पेडलची तार इंजिनावरच्या एका झडपेला जाते. झडप किती उघडली ते तिच्यावरचा सेन्सर सांगतो, आणि गिअर कधी बदलायचा ते गाडी त्यावरून ठरवते.

"सेन्सरनंच खोटं सांगितलं तर बिचारीनं काय करायचं?" ती म्हणाली. बिचारी म्हणजे गाडी, असं मी तेव्हा समजले.

तिनं इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवली. "आता दाबा. सावकाश."

वरच्या मजल्यावर आमची भाडेकरू पोरं गॅलरीत चहा पीत उभी होती. खाली अंडं असावं तसा मी पाय टेकवला. आकडा शहाण्यासारखा चढत गेला आणि मध्येच टुणकन वर उडाला, मग एकदम शून्य.

"तिथेच धरा, आई. हलवू नका."

मी पाय दगडासारखा धरला. आकडा नाचतच राहिला.

"आता पाय कुणाचा आहे?" तिनं हळूच विचारलं. वर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"वायर पण बघू, उगाच पार्ट नको बदलायला," म्हणत तिनं बॉनेट उघडलं. मीटर लावून पाहिलं, सेन्सरपर्यंत करंट नीट येत होता. मग तिनं त्याचा प्लग ओढून काढला. आतल्या पिना हिरव्या पडलेल्या, आणि रबराच्या खाचेत काहीतरी पिवळं सुकलेलं. तिनं नखानं खरवडलं, वास घेतला आणि बोट माझ्यासमोर धरलं.

हळद.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या पूजेला, ट्रॅक्टर धुवावा तसं मी बॉनेट वर करून बोअरच्या पाण्याचा पाइप आत मारला होता. वर मूठभर हळदकुंकू. सून तेव्हाच म्हणाली होती, "आई, आत पाणी नको." आणि मी? "ट्रॅक्टर काय इरघळला व्हय आजवर?"

नवा सेन्सर बसला, गाडी लोण्यासारखी चालू लागली. मी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि "घे" म्हणाले. आणि लगेच टाळ शोधायला आत वळले. देवळासमोर बायकांनी विचारलं, "आज हिसका न्हाई? शिकली वाटतं सून!" मी म्हणाले, "गाडीतच बिघाड हुता." सून आरशातून माझ्याकडे बघत होती. बिघाड कुणी केला ते तिनं तिथंच बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. तिनं नुसती गाडी वळवली, आणि वर्षभर त्या आरशात बघायची मला हिंमत झाली नाही.

पुढच्या खंडेनवमीला तिनं बॉनेट उघडलं, फडकं भिजवून पिळलं आणि माझ्या हातात दिलं. शेजारीण, तीच भजनातली, कुंपणावरून ओरडली, "अगं, पाइप मार की! फडक्यानं कुटं निघतंय?"

"न्हाई बाई," मी म्हणाले, चांगलं मोठ्यानं. "गेल्या साली मीच पाणी मारून गाडी घालवली, आन् तुमच्यापुढं नावं ठेवली हिच्या पायाला."

शेजारणीचा आ वासलेला. सुनेनं माझ्या हातातलं फडकं परत घेतलं आणि पुन्हा एकदा करकचून पिळलं.

"अजून ओलं होतं, आई," ती हसून म्हणाली आणि फडकं पुन्हा माझ्या हातात दिलं.