तीन रेघांच्या आड

ऐकायला कोणी असलं की किस्से साचत नाहीत, त्याच दिवशी संपतात. प्रवीण असताना तसंच होतं. यवतमाळात आम्ही दोघं वेबसाइट बनवायचो. गिऱ्हाईक जिना उतरलं की पोटभर हसून घ्यायचो. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. आता ऑफिसात मी एकटा, आणि किस्से साचत चाललेत.

आमचं निम्मं आयुष्य मेनूत जातं. कॉम्प्युटरवर वरच्या पट्टीत आडवी दिसणारी नावं मोबाईलवर मावत नाहीत. मग ती तीन रेघांच्या एका बटणात लपवायची. रेघा दाबल्या की मेनू उघडतो.

एका मंगल कार्यालयाच्या मालकांना हे काही पटेना. मोबाईल धरून म्हणाले, "माहा हॉल कुठी गेला?"

"तीन रेघा दाबा, भाऊसाहेब."

दाबल्या. हॉल, जेवण, पार्किंग, सगळं निघालं. त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला.

"लग्नवाल्यायले आम्ही दारात उभं राहून या या म्हणतो. अन् तू मले पडद्यामागं बसवून राह्यला."

शेवटी रेघांखाली मी 'या, बसा' असं लिहिलं. लगेच पास!

* * *

नेरचे रफिकभाई पंपाच्या मोटारी दुरुस्त करतात. मेनूतलं पहिलं नाव 'होम'. त्या पानासाठी मी फोटो मागितला. त्यांनी घराचा पाठवला. ओट्यावर अम्मी, बायको, तिन्ही पोरी, कोपऱ्यात बकरी.

मी फोन केला. "भाई, दुकानाचा पाहिजे होता."

"होम म्हणजे घरच ना? काहून, चांगला नाही आला का?"

चांगलाच आला होता. तोच ठेवला. दुपारी डबा खाताना कधी कधी मी ते पान उघडून बसतो.

* * *

मेनू वेगवेगळ्या मोबाईलवर तपासावा लागतो. आधी प्रवीणचा असायचा. आता खालच्या चहाच्या टपरीवर जाऊन लोकांचे मागतो. एक माणूस देईना, तर टपरीवाले गजूकाकाच त्याला म्हणाले, "द्या त्याले. वर एकटाच असते. तेवढंच बोलणं होते त्याचं."

त्या मोबाईलवर मेनू नीट उघडला. तरी मी अजून दोघांना मागितला.

* * *

राळेगावचे एक निवृत्त मास्तर. त्यांच्या पत्नी पापड-कुरड्या करून विकायच्या. त्या वारल्या, तेव्हापासून गल्लीतल्या बायका मास्तरांच्या घरी तेच काम चालवतात. त्याची वेबसाइट हवी होती.

"बाकी सारं त्या रेघांत टाक," मास्तर म्हणाले. "फोनचं बटन मात्र बाहेर पाहिजे. कायम दिसलं पाहिजे."

त्यांनी दिलेला नंबर पत्नीचा होता. मी विचारलं, "तुमचा टाकू का?"

"नाही. तिचाच राहू दे. फोन असते माह्याजवळ."

बटण केलं आणि माझ्या मोबाईलवरून दाबून पाहिलं. मास्तरांच्या खिशात फोन वाजला. मी समोरच बसलो होतो, तरी त्यांनी तो काढून कानाला लावला.

"हॅलो. कोण पाहिजे?"

मला काय सुचलं कोणास ठाऊक. मीही फोन कानाला लावला.

"काकू आहेत का?"

मास्तर माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीकडे बघत होते.

"हाय ना. गच्चीवर हाय. पापड वाळू घालून राह्यली. काही निरोप?"

"सांगा, बटण चालू झालं."

"सांगतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.