पूजेला बसलेला स्क्रू-ड्रायव्हर

“मोठी घाल की! पडूनच हाय ती. पुढंमागं जागा लागतीच.”

असं म्हणणारे अण्णा म्हणजे आमच्या सांगलीच्या कॉम्प्युटर दुकानाचे मालक. त्यांच्या हातात दोन जीबीची, त्या काळी मोठी, हार्ड डिस्क होती, एका गिऱ्हाइकानं मागवून न नेलेली. समोर टेबलावर कांबळेसाहेबांचा जुना लॅपटॉप उलटा पडला होता. चालू केला की आतून टकटक आवाज यायचा आणि स्क्रीन काळी. डिस्क गेली होती.

“अण्णा, ही बसत नाही.”

“बसत न्हाई म्हंजे? बसवायलाच तर तुला ठेवलाय!”

मी पुन्हा समजावलं. कितव्यांदा, कुणास ठाऊक. लॅपटॉपमध्ये डिस्कसाठी एक खाच असते. ही डिस्क इतकी जाड, की खाचेत घातली तर वरचं झाकण लागायचं नाही. दुसरी अडचण बायोसची. मशीन चालू होताना आत काय काय जोडलंय हे आधी तपासतो, तो बायोस. या मशीनचा बायोस पाचशे एमबीच्या आसपासच मोजू शकायचा. शंभरापर्यंत आकडे येणाऱ्यापुढे हजार आंबे ओतले तरी तो शंभरच मोजणार. म्हणजे डिस्क पातळ हवी, लहान हवी आणि जुन्या मॉडेलची हवी. सांगलीत तशी कुणाकडेच नव्हती.

कांबळेसाहेब मूळचे वडूजचे, सिव्हिल इंजिनिअर. सरकारी नोकरी सोडून नुकताच स्वतःचा व्यवसाय सुरू केलेला. कुंडलच्या शेतकऱ्यांना नदीचं पाणी माळावर चढवायचं होतं, त्या पाइपलाइनचं डिझाइन यांनी केलं होतं. काम कुणाला द्यायचं ते ठरवायला दसऱ्याच्या सकाळी गावात बैठक होती आणि पुण्याची एक मोठी कंपनीही येणार होती. साहेबांचं हे पहिलंच काम. ते हुकलं तर परत कुणाच्या तरी हाताखाली राबणं आलं. नकाशे फ्लॉपीवर सुखरूप होते, पण ते उघडणारं सॉफ्टवेअर हार्ड डिस्कशिवाय चालत नव्हतं.

मी मुंबईला फोन लावत राहिलो. “जाडी किती आहे?” असं विचारलं की पलीकडचे हसायचे. अखेर एकाकडे हवी तशी डिस्क निघाली. त्यानं आज पाठवतो, उद्या पाठवतो करत ती एकदाची ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिली, आणि पार्सल हातात पडलं ते खंडेनवमीच्या सकाळी.

दुकानात गेलो तर अण्णांची पूजा उरकली होती. पाटावर मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, पक्कड आणि माझा स्क्रू-ड्रायव्हरचा सेट. सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडूची फुलं.

“आज हत्याराला हात लावायचा न्हाई,” अण्णा म्हणाले. “उद्या दुपारी पूजा उचलली की कर.”

“त्यांची बैठक उद्या सकाळी आहे.”

“मग आदी न्हाई आणायची? वर्सातनं एक दीस बसत्यात हत्यारं. आमी बापापासनं पाळतोय, गड्या.”

मला भयंकर राग आला होता, पण भांडायचं त्राण नव्हतं. कांबळेसाहेब दारात उभे राहून सगळं ऐकत होते.

“आवं अण्णा,” ते म्हणाले, “आमच्यात हत्यारं बसवत न्हाईत. मी फिरवला स्क्रू तर चालंल?”

“तुमी खुशाल फिरवा. माझी हत्यारं तेवढी उचलू नका.”

शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे चाचा होते. त्यांनी आपला बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढून दिला. साहेब टेबलाशी बसले. मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो आणि तोंडानं सांगू लागलो.

“आधी बॅटरी काढा. आता तो कोपऱ्यातला स्क्रू. हां. जुनी डिस्क सरळ ओढा.”

नवी डिस्क सरकवताना मी म्हटलं, “पिना सरळ जाऊ देत. एक जरी वाकली तरी संपलं.”

“आवं, हळू! रेटू नका!” हे अण्णा. गल्ला सोडून आमच्या मागे कधी येऊन उभे राहिले होते, कळलंच नाही.

झाकण लागलं. बायोसनं डिस्क ओळखली. मग फॉरमॅट, आणि सॉफ्टवेअरच्या एकामागून एक फ्लॉप्या घालणं. त्यात अख्खी दुपार गेली. मधेच अण्णांच्या घरून पुरणपोळीची दोन ताटं आली. “साहेबांस्नी जेवल्याबिगर सोडू नगं,” असं वर अण्णांचं मला बजावणं. या माणसावर धड रागावताही यायचं नाही.

उन्हं कलल्यावर नकाशा स्क्रीनवर उमटला. साहेबांनी डोळे पुसले.

अण्णा बोटावर कुंकू घेऊन पुढे आले. “आता ह्यालाबी लावूया.”

“नको अण्णा,” साहेब म्हणाले. “आत जाईल.”

अण्णांनी बोट धोतराला पुसलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी कुंडलहून फोन आला. साहेबांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. “पुण्यावाल्यांनी चकचकीत फायली वाटल्या. एका म्हाताऱ्यानं इचारलं, ‘माझ्या माळावर पाणी चढंल का न्हाई, तेवढं सांगा.’ ते म्हणाले, हापिसात बघून कळवतो. मी तितंच लॅपटॉपात त्याच्या माळाची उंची घातली आन् पाणी चढतंय ते दाखवलं. काम आपल्याला दिलं त्यांनी!”

मी अण्णांना सांगितलं. त्यांनी शांतपणे पान जमवलं.

“व्हय, मिळणारच. पूजा मोडली न्हाई म्हणून मिळालं.”

इतकी वर्षं या धंद्यात काढून मी एवढंच शिकलो: हार्ड डिस्क घेताना आधी जाडी बघावी, मग जागा, आणि ऑर्डर देण्यापूर्वी पंचांग.